त्या फाइलमधली प्रत्येक ओळ तपासलेली आहे!

अपाचे एअरफ्लोची कन्स्ट्रेन्ट फाइल तुम्ही कधी उघडून पाहिलीय? नसेल तर आजच उघडा! दिसायला अगदी साधी. ओळीला एक पॅकेज, पुढे व्हर्जनचा आकडा, अशा शेकडो ओळी, आणि पायथॉनच्या प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळी फाइल. पण ती तयार कशी होते ते कळलं आणि मला बसवेना.

2014 साली एअरबीएनबीत सुरू झालेलं एअरफ्लो हे वर्कफ्लोचं साधन 2019 पासून अपाचेचं टॉप-लेव्हल प्रोजेक्ट आहे. ते लायब्ररीही आहे आणि ॲप्लिकेशनही, आणि खरी मेख इथेच! लायब्ररीनं डिपेन्डन्सी सैल ठेवायच्या, कारण तिच्याबरोबर लोक आपापली पॅकेजेस बसवणार. ॲप्लिकेशननं मात्र त्या घट्ट बांधायच्या, कारण आज झालेलं इन्स्टॉलेशन सहा महिन्यांनीही तसंच व्हायला हवं. मग एअरफ्लोनं काय करावं? दोन्ही केलं! पॅकेजमधल्या अटी सैल, आणि पक्के आकडे बाजूच्या फाइलमध्ये. ही फाइल स्वतः काहीच इन्स्टॉल करत नाही. ‘हे पॅकेज लागलंच, तर याच व्हर्जनचं घे’, एवढंच ती पिपला सांगते. किती सुंदर!

आणि ते आकडे कुणी हातानं भरत नाही. सीआयमध्ये आधी डिपेन्डन्सींच्या एकमेकींशी जुळणाऱ्या नव्यात नव्या व्हर्जन्स घेतल्या जातात, मग टेस्ट्स धावतात, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट अशा वेगवेगळ्या डेटाबेसवर. सगळ्या पास झाल्या तरच यादी पुढे सरकते. एखाद्या दूरच्या पॅकेजच्या नव्या रिलीजनं काही मोडलं, तर जुनी यादी जागची हलत नाही, आणि इन्स्टॉल करणाऱ्याला त्याची झळही लागत नाही. डिपेन्डन्सी सांभाळणं वेगळं आणि टेस्टिंग वेगळं, असंच मी धरून चाललो होतो. इथे तर एकाच्या पोटातून दुसरं निघतं!

याहून भारी गोष्ट पुढे आहे. आपण सगळेच ‘अमुक व्हर्जन किंवा त्यापुढचं’ असं बिनधास्त लिहितो, पण ते ‘अमुक’ खरंच चालतं का, हे कोण बघतं? एअरफ्लोवाले बघतात. रस्टमध्ये लिहिलेल्या, डोळ्याचं पातं लवतंय तोवर काम उरकणाऱ्या यूव्ही या पॅकेज इन्स्टॉलरला ‘लोएस्ट-डायरेक्ट’ सांगितलं, की तो थेट डिपेन्डन्सींच्या चालतील तितक्या जुन्या व्हर्जन्स निवडतो. त्यांच्यावरही टेस्ट्स धावतात. म्हणजे वरची कड तपासलेली, खालचीही तपासलेली! मला हा निव्वळ प्रामाणिकपणा वाटतो.

हे सगळं उघड्यावर आहे, कुणीही वाचावं, उचलावं. मी सुरुवात छोट्या टेस्टनं केलीय: एअरफ्लोच्या डॅगबॅगमध्ये आपले सगळे डॅग, म्हणजे वर्कफ्लो, लोड करायचे आणि इम्पोर्ट एररची यादी रिकामी आहे ना, एवढंच पायटेस्टला विचारायचं. तीही कन्स्ट्रेन्ट फाइल लावूनच! आता आमच्या स्वतःच्या लायब्ररीच्या ‘किंवा त्यापुढचं’वाल्या ओळी घेऊन बसतोय.