प्रिंटरलाही ऊन लागतं!

घरात फोटो प्रिंटर आला की पहिले पंधरा दिवस नुसती दिवाळी असते. गोव्याची ट्रिप, भाचीचा बर्थडे, ऑफिसच्या ग्रुपचे चाळे... सगळं धडाधड छापून होतं. मग कामाच्या रगाड्यात तो बिचारा कोपऱ्यात पडतो. मे महिन्यात कधीतरी त्याची आठवण येते, तेव्हा आजीचा चेहरा हिरवा आणि आकाश पट्ट्यापट्ट्यांचं! लगेच आपला निकाल तयार, 'कंपनीच बोगस.'

कंपनीचं सोडा हो, आपला उन्हाळा विसरलात का? नांदेड-लातूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हवा अशी कोरडी, की दोरीवरची जीन्स बघता बघता कडक. इंकजेटच्या हेडला केसाहून बारीक छिद्रं असतात आणि घरच्या प्रिंटरच्या शाईत बराचसा भाग पाणीच. वापर थांबला की पाणी उडतं आणि रंग छिद्रातच थिजतो. प्रिंटरलाही ऊन लागतं, म्हणा ना!

माझी नोकरी नांदेडला, घर लातूरला आणि प्रिंटरही तिथंच. म्हणजे आठवडाभर तो रिकामा. यावर तोडगा आईने काढला. दर बुधवारी ती साध्या कागदावर एक रंगीत चित्र छापते, सगळे रंग येतील असं. "तुळशीला पाणी घालते, तसं याचं. त्यात काय एवढं?" इति मातोश्री. मेकॅनिक याहून वेगळं काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट बटणाची. लोडशेडिंगमध्ये वाढलेली आपली पिढी, भिंतीवरचं बटण खटकन बंद करण्यात पटाईत! पण प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तर हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. छापता छापता लाइट गेली, तर हेड उघडंच राहतं. लाइट आली की एकदा चालू करायचा, त्याला जागेवर जाऊ द्यायचं आणि मग नीट बंद करायचा. दोन मिनिटांचं काम.

रेघा आल्या म्हणून सटासट 'हेड क्लीनिंग' मारत बसू नका. आधी नोझल चेक. गरज असेल तरच एक-दोनदा क्लीनिंग, मग रात्रभर आराम. प्रत्येक क्लीनिंगला शाई खर्च होते आणि ती आतल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते. पॅड भरलं की प्रिंटर दिवे लुकलुकवत संपावर! काही मॉडेल्समध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं, ते बदललं की हेडही नवं. पण हेड मशीनमध्येच असेल आणि ते सुकलं, तर खर्च मोठा. टँकवाला प्रिंटर असेल तर शाई खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका.

आणि हो, तो कूलरच्या झोतात नको. धूळ आत जाते, दमट हवेने फोटो पेपर वाकतो. पेपर पाकिटातच ठेवा, मशीनवर स्वच्छ कापड टाका. महिनोन् महिने प्रिंटरला हातच लावणार नसाल, तर रिबनवर चालणारा छोटा डाय-सब प्रिंटर बरा. त्यात सुकायला शाईच नसते, फक्त धूळ सांभाळायची.

एवढे लाड कशाला, मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत की! आहेत ना. पण आमच्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावं चारच्या सुमारास कोसळली. माणसं गेली, तसे ट्रंकेतले अल्बमही दगडमातीखाली गेले. कित्येक घरांत गेलेल्या माणसाचा एखादाच फोटो उरला, तोही दुसऱ्या कुणाच्या लग्नातला, मागच्या रांगेतला.

औशाकडच्या एका नात्यातल्या मावशींनी असाच एक फोटो आणला होता. त्यांची बहीण, नखाएवढा चेहरा. स्कॅन करून मोठा केला, डाग काढले. स्क्रीनवर दाखवला तर मावशी म्हणाल्या, "असा नको बाळा, हातात दे." कागद बाहेर आला. त्या कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे असे फोटो घेऊन येतात, सप्टेंबरच्या तोंडावर जरा जास्तच. अशा वेळी 'शाई सुकलीय, पुढच्या आठवड्यात या' असं कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून बुधवारचं ते चित्र चुकत नाही.

फ्रेम करून देताना एवढंच सांगतो, की ज्या भिंतीवर ऊन येत नाही तिथं लावा. प्रिंटरसारखंच फोटोलाही ऊन लागतं.