क्ष येण्याआधी

गणिताच्या बाई दीर्घ रजेवर गेल्या आणि सातवीचा बीजगणिताचा तास माझ्याकडे आला. मी इतिहास शिकवते. दहावीनंतर समीकरणाला हात लावलेला नव्हता. फळ्यावर 2क्ष + 3 = 11 लिहिलं आणि पाठ असलेला नियम सांगितला : बरोबरच्या चिन्हापलीकडे संख्या नेली की तिचं चिन्ह बदलतं. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण का बदलतं?" मला उत्तर येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाण्याकडून दोन पारड्यांचा तराजू मागून आणला. दोन आगपेट्यांत काचेचे टपोरे मणी सारखेच भरले. किती, ते सांगितलं नाही. डाव्या पारड्यात या पेट्या आणि 3 सुटे मणी, उजव्यात 11 मणी. तराजू डावीकडे झुकला. "बाई, पेटीचंही वजन असतं ना!" म्हणत एका मुलीने उजवीकडे दोन रिकाम्या पेट्या ठेवल्या. काटा मधोमध आला. डावीकडचे 3 मणी उचलले तर तोल गेला. उजवीकडचेही 3 उचलल्यावर सावरला. उरलेल्या 8 मण्यांचे दोन वाटे मुलांनी आपणहून केले. पेटी उघडली, आत 4. पलीकडे काही जातच नव्हतं, दोन्हीकडून सारखंच कमी होत होतं. नियमाचं कारण मलाही तेव्हाच कळलं.

मग आगकाड्यांचे चौकोन मांडले, एकाला एक चिकटून. एका चौकोनाला 4 काड्या, दोनाला 7, तिनाला 10. शंभराला किती? काड्या पुरणार नव्हत्या, म्हणून विचार करणं भाग पडलं. एकाने पहिल्या चौकोनाच्या 4 धरून पुढच्या 99 चौकोनांच्या तीन-तीन मिळवल्या. दुसरीने आडव्या 200 आणि उभ्या 101 मोजल्या. तिसरा म्हणाला, सुरुवातीची एक उभी काडी, मग प्रत्येकाला तीन. तिघांचंही उत्तर 301. 'कितीही चौकोन' म्हणायला काहीतरी हवं, असं मुलंच म्हणाली, तेव्हा मी फळ्यावर 3क्ष + 1 लिहिलं. या वेळी क्ष म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

पुढे सजातीय पदांशी, म्हणजे एकाच अक्षराच्या पदांच्या बेरजेशी, अडलं. वाट इतिहासातूनच सापडली. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आलेलं भास्कराचार्यांचं घराणं मी इतिहासात सांगते. त्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणिता'बद्दल मात्र आत्ता वाचलं. एकाहून जास्त अज्ञात संख्या असल्या की पहिलीनंतरच्या संख्यांना ते रंगांची नावं देत : कालक, नीलक, पीतक. आम्ही पेट्यांना निळा, पिवळा कागद लावला. 3 नीलक आणि 2 नीलक मिळून 5 नीलक होतात. पण 3 नीलक आणि 2 पीतक तसेच राहतात, कारण पिवळ्या पेटीत निळीइतकेच मणी असतील असं नाही. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे नीलक ही पेटी नाही, आतल्या मण्यांची संख्या आहे." अक्षर वस्तूचं नसतं, संख्येचं असतं, हे त्याने माझ्याआधी ओळखलं.

माझ्याप्रमाणे बीजगणिताचा तास अचानक अंगावर आलेल्यांना एवढंच सांगेन : क्ष पहिल्या दिवशी फळ्यावर आणू नका. आधी काड्या आणि तराजू मुलांच्या हातात द्या. अक्षराची गरज त्यांना वाटली, की मगच ते लिहा.