भागीच्या घोड्याचं औषधपाणी

भागीचं घोडं किवणानं, म्हणजे चिघळलेल्या जखमेनं, मेलं, एवढं सांगून म्हण गप्प बसते. भागीदार किती होते, जखम आधी कुणाला दिसली, औषधाला किती पैसे पडणार होते आणि घोडं गेल्यावर त्या मंडळींचं आपसात बोलणं उरलं का, यातलं ती काहीच सांगत नाही. नाशिकच्या इंदिरानगरात किंवा गोविंदनगरात पंचवीस-तीस वर्षांच्या एखाद्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, विषय क्रमांक तीन म्हणून गच्चीची गळती निघते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास ही म्हण टाकतं. सगळे हसतात. मग विषय क्रमांक चार.

म्हणीचा रोख भागीदारांच्या बेफिकिरीवर आहे, असं सहसा धरलं जातं. ते तितकंसं पटत नाही. घोड्याच्या पाठीवरची जखम बहुतेकदा खोगीर घासून होते. ज्याची पाळी असेल तो खोगीर चढवतो, काम उरकतो, घोडं आणून बांधतो. खोगीर चढलं की जखम झाकली जाते. म्हणजे वापरणाऱ्याला ती दिसत नाही आणि खरारा करताना ज्याला दिसते त्याच्या शब्दाला वजन नसतं. त्या माणसानं दोघातिघांना सांगितलंही असेल. ‘बघू, पावसाळा होऊन जाऊ दे’ असं उत्तर त्याला मिळालं असेल. पावसाळ्यातच जखमा चिघळतात, हे त्यालाही ठाऊक असणार, पण तो मुद्दा त्यानं किती वेळा मांडायचा?

इमारतीत त्या खरारा करणाऱ्याची जागा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराची. छतावर आधी चहाच्या डागासारखी एक रेघ उमटते. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटतात, तिसऱ्या पावसाळ्यात पंख्याच्या कडीतून थेंब येतो. खालच्या मजल्यांवर तेव्हा फॉल्स सीलिंग चाललेलं असतं. स्ट्रक्चरल ऑडिटचा इंजिनिअर येतो आणि साध्या हातोडीनं स्लॅब ठोकत जातो. बहुतेक ठिकाणी आवाज टणक येतो, मध्येच कुठेतरी भद्द. तिथलं काँक्रीट थोडं खरवडून तो त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतो. चांगलं काँक्रीट क्षणात गर्द गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ज्याचा क्षार मारला, ते राखाडीच राहतं. स्लॅबमध्ये सळईखाली काँक्रीटचं आवरण जेमतेम 20 मिलिमीटर असतं. राखाडीपणा तिथवर पोचला आणि वरून पाणी मिळालं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. सगळे जमून वर बघत असतात. कुणीतरी विचारतं, “मग आता पुट्टी मारून चालणार नाही का?”

हा प्रश्न वेडगळ नाही, कारण त्याच्यामागे पैसा आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनी या दिवसासाठी तरतूद केलेली असते. दरवर्षी सिंकिंग फंडात निदान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीत पाऊण टक्का. कशाचा टक्का? तर जमीन वगळून त्या फ्लॅटच्या मूळ बांधकाम खर्चाचा. ग्यानबाची मेख इथेच आहे. समजा 1995 साली एका फ्लॅटचं बांधकाम दोन लाखांत झालं, तर त्याचा सिंकिंग फंड वर्षाला 500 रुपये. वीस फ्लॅटचे 10,000. तीस वर्षांनी, व्याज सोडलं तर, तीन लाख. सळया साफ करणं, जॅकेटिंग, नवा कोबा आणि बाहेरचं प्लास्टर असं कोटेशन हातात आलं की हा आकडा केविलवाणा दिसतो. नियम पाळणाऱ्या सोसायटीची ही गत. न पाळणाऱ्या सोसायटीत निदान हिशेब लवकर उरकतो!

मग वर्गणी. सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं असतं, तर दुरुस्तीची वर्गणीही सारखीच घ्या, असं मोठ्या फ्लॅटवाल्याला वाटतं. लहान फ्लॅटवाला क्षेत्रफळ काढून दाखवतो. नाशिकमध्ये 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या इमारती पुष्कळ. तिथे सामाईक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्शाच्या टक्क्यांवर वाटायचा असतो आणि ते घोषणापत्र ऐन वेळी कुणाकडेच सापडत नाही. तळमजल्यावरचा दुकानदार म्हणतो, गच्चीवर मी कधी पाऊल ठेवलं नाही. उपविधी मात्र स्पष्ट आहेत. गच्चीतून पावसाचं पाणी मुरलं तर वरच्या घराच्या छताच्या प्लास्टरसकट खर्च सोसायटीचा, आणि कुणाच्या संडास-बाथरूममधून गळत असेल तर ज्याचा त्याचा. अर्थात पाण्याला उपविधी ठाऊक नसल्यामुळे ते डक्टमधून येऊन कुणाच्याही भिंतीतून निघतं.

सामाईक दोषासाठी माणसं एकत्र येतच नाहीत म्हणावं, तर नाशिकचा कपाटांचा प्रश्न आडवा येतो. फ्लॅटमध्ये कपाटासाठी म्हणून दाखवलेली, चटईक्षेत्रातून सुटलेली जागा सर्रास खोलीत ओढून घेतली गेली होती. साधारण 2015 च्या आसपास महापालिकेनं त्यावर बोट ठेवलं आणि हजारो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. एकही सळई गंजली नव्हती, तरी अख्ख्या इमारतीत दोष निघाला होता. तेव्हा बिल्डर, आर्किटेक्ट, फ्लॅटधारक सगळे एका सुरात बोलत होते. कदाचित तक्रार बाहेरच्या कुणाविरुद्ध होती म्हणून. गच्चीच्या बाबतीत समोर शेजारी असतो, आणि तोही बरोबर असतो.

बिल्डरला धरावं म्हटलं, तर ‘रेरा’ कायद्यानं ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. त्याआधीच्या 1963 च्या ‘मोफा’ कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. महाडची पाच मजली तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली आणि 16 माणसं गेली, तेव्हा ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. पाचाची मुदत मात्र केव्हाच उलटलेली.

मुंबईत घाटकोपरची सिद्धिसाई ही इमारत तर म्हणीलाच उलटं टांगते. 25 जुलै 2017 रोजी ती पडली, 17 जण दगावले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तिथे घोडं दुर्लक्षानं मेलं नाही. एका भागीदारानं आपल्या वाट्याचा पाय सुधारायला घेतला होता, असं म्हणावं लागेल.

जुन्या नाशकात ही गोष्ट आणखी जुनी आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. नोटीस दाराच्या चौकटीला लागते आणि तिथेच भिजते. वाड्याच्या कागदावर वारसांची रांग, त्यातले काही पुण्याला, काही परदेशात. आत भाडेकरू, जुन्या भाड्यावर. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही भाडेकरूची धास्ती. लाकडी खांबाला टेकू लागतो, मग टेकूला टेकू. गोदाकाठी काझी गढीची कड पावसात ढासळते आणि वरची घरं पुन्हा बातमीत येतात. याच जुन्या नाशकात मातीच्या गढीत 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर तिथे एकावर एक निघाले, मध्ये सातवाहनांचा काळ. अशी टेकाडं नुसती निसर्गानं होत नाहीत. मातीचं घर पडायचं, लोक ढिगारा सपाट करून त्यावरच नवं बांधायचे, आणि गाव हळूहळू उंच होत जायचं. त्या थरांमध्ये दुरुस्तीचा थर कसा ओळखायचा, कोण जाणे. पडल्याचे थर मात्र दिसतात.

आजचा रिडेव्हलपमेंटचा विचार याहून फार वेगळा आहे का? इमारत सी-1, म्हणजे तातडीनं पाडण्याजोगी, ठरावी असं मनातून वाटणारा एखादा सभासद आता प्रत्येक सभेत असतो. तो दुरुस्तीला उघड विरोध करत नाही. फक्त म्हणतो, पैसे कशाला घालायचे, बिल्डर येतोच आहे. कॉलेज रोड-गंगापूर रोडला तो येईलही. पाथर्डी फाट्याच्या आतल्या गल्लीत, साडेसात मीटरच्या रस्त्यावर, त्याचा हिशेब बसेलच असं नाही. तोवर गच्ची गळत राहते. भागीदारांपैकी एखाद्याचा डोळा घोड्याच्या कातड्यावर होता का, हा प्रश्न म्हणीच्या नादी लागल्यावरच सुचतो, आणि मग निव्वळ आळशी भागीदार त्यामानानं बरे वाटू लागतात.

वरच्या मजल्यावरची पेन्शनर मंडळी थांबत नाहीत. ती स्वतःच्या खर्चानं गच्चीवर पत्र्याची शेड घालून घेतात. गळती थांबते. पहिल्या वर्षी कमिटी त्यांना विनापरवाना बांधकामाचं पत्र देते. दुसऱ्या वर्षी त्याच शेडखाली सगळ्यांचे पापड-कुरडया वाळतात, एक मुंजही होते. पुढे पत्रे गंजायला लागतात, आणि रंग कुणाच्या खर्चानं, हा विषय क्रमांक सात म्हणून येतो. तोवर अर्धे सभासद जेवायला गेलेले असतात.