सुरुवात कुठून?

दौलताबाद रस्त्यावरच्या आमच्या पडेगावात बँड म्हणजे वरातीचा. त्याची सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच नसतो; नवरदेव घोड्यावर बसला की ती होतेच! पण चिरंजीव पुण्याला नोकरीला गेले आणि जाताना सांगून गेले, "बाबा, 'इंडियन ओशन' ऐका. मग बोलू." आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलास का?'च्या पलीकडे कधी गेलेलं नाही, म्हणून मी मनावर घेतलं.

मी पडलो शिस्तीचा माणूस. १९९३चा पहिला अल्बम शोधायला बसलो. सौ. म्हणाली, "सुनेची ओळख काय तिच्या बारशापासून करून घेणार आहात?" मुद्दा बिनतोड होता. (तिचे सगळेच असतात.)

मग २०००चा 'कंदिसा' लावला. शीर्षकगीत म्हणजे चक्क अरामाइक भाषेतली प्रार्थना! तबला तेवढा ओळखीचा. बाकी एक अक्षर कळेल तर शपथ. पण हे मुलालाही कळत नसणार, या विचाराने फार बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एका बाकावर! तीनदा ऐकलं. चौथ्यांदा सौ. पोळ्या लाटता लाटता गुणगुणू लागली.

रात्री फोन लावला. 'जेवलास का?' विचारायचं राहूनच गेलं. ते सौ.ने मागून ओरडून विचारलं.