सरकणारी वाट

ज्याच्या डोक्यावर पक्के छप्पर आहे, त्याने पदरचे पैसे मोजून तंबूत का झोपावे, हे कोडे मला कधी सुटले नव्हते. पण मुलगा इंग्लंडात स्थायिक झालेला. त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेल्यावर त्याच्या हौसेत सामील होणे आलेच. लिमिंग्टनहून बोटीने निघालो आणि चाळीसेक मिनिटांत आइल ऑफ वाइट बेटावर उतरलो.

या बेटाला समुद्राकाठाने वळसा घालणारी सुमारे ११० किलोमीटरची पायवाट आहे. पहिल्या दिवशी आम्ही टेनिसन डाउन चढलो. खाली पांढरेशुभ्र खडूचे कडे, वर मऊ हिरवळ. कविवर्य टेनिसन १८५३ पासून येथे राहत आणि या टेकडीवर फिरत. पलीकडे समुद्रात नीडल्सचे तीन सुळके उभे आहेत. खरा सुईसारखा होता तो चौथा. तो १७६४ च्या वादळात कोसळला. नाव मात्र उरलेल्यांना चिकटले!

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला ब्लॅकगँगकडे गेलो. तिथल्या खडकाखाली निळसर चिकणमातीचा थर आहे. पावसाचे पाणी मुरले, की तो निसरडा होतो आणि वरची जमीन घसरते. १९२८ साली तिथला मोटाररस्ताच असा गेला. कडा ढासळला, की ही माणसे कुंपण मागे घेतात आणि थोडी आतून नवी वाट आखतात. वाट मोडत नाही, सरकते.

माझ्या मनात मात्र वेगळीच पडझड चालली होती. आठ वर्षांचा नातू आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरे देई. चार पिढ्या कीर्तने सांगणाऱ्या घराण्याची भाषा इथेच संपणार, या विचारात मी कड्याकडे दोन पावले अधिक गेलो असेन. तोच मागून हात ओढला गेला आणि खणखणीत शब्द आले, "आजोबा, मागे या! पडाल ना!"

मी पाहतच राहिलो. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, शब्द आहेत त्याच्याजवळ. ते बाहेर यायला आपलं माणूस धोक्यात असावं लागतं, एवढंच."

पुढची वाट शेतातून होती. नातवाने माझे बोट धरले होते. "आजोबा, खडू म्हणजे शाळेतला तोच?" त्याने विचारले. मी हो म्हणालो आणि पुढचा शब्द शोधू लागलो.