वहीतली गाडी

गेले तीन महिने मी घरात "नकोच ती गाडी" म्हणते आहे आणि दर दोन आठवड्यांनी वाईला जाऊन येते आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, हे नवऱ्याच्या केव्हाच ध्यानात आलंय. पण तो शहाणा माणूस आहे. मी मेणवलीच्या घाटाचं नाव काढलं की म्हणतो, "जाऊन ये. दोन आठवड्यांत घाट बदललाही असेल."

गाडी वाईत आहे. ढोल्या गणपतीपासून थोडं आत, एका जुन्या घराच्या पडवीला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये २००६ सालची पजेरो. गडद हिरवी, कमरेखाली चंदेरी. एमएच ११. मालक एकच, तोही डॉक्टर, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते रात्री गाडी काढत नाहीत. "रात्री निघता येत नसेल तर ती डॉक्टरची गाडी कसली?" असं म्हणून त्यांनी ती विकायला काढली.

पजेरो ही आमच्याकडे कधी नुसती गाडी नव्हतीच. ती वर्दी असायची. निवडणुकीच्या दिवसांत माहेरी गेले की उसाच्या फडामागून धुरळा उठायचा, धुरळ्यातून ते उंच चौकोनी नाकाड बाहेर यायचं आणि पारावरची माणसं न सांगता उठून उभी राहायची. कोण आलं ते मागाहून कळायचं. 'कोणीतरी' आलं एवढं गाडीच सांगायची. गंमत म्हणजे, २००२ साली ही जपानी पजेरो आपल्याकडे आणली ती हिंदुस्थान मोटर्सने, म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं अँबॅसिडर काढली त्यांनीच. चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात तिची जुळणी व्हायची. धोतरजोड्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात गिर्यारोहणाचे बूट ठेवावेत, तसं काहीतरी.

गाडी मनात भरली की माणूस तिचं कुळ-मूळ काढत बसतो. मीही काढलं. पजेरो हे दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ मुलखात राहणाऱ्या एका रानमांजराचं नाव. स्पॅनिशमध्ये मात्र हा शब्द चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही, म्हणून तिकडे हीच गाडी मोंतेरो होते. डाकार रॅली तिने बारा वेळा जिंकली, त्यातल्या सात वेळा लागोपाठ, २००१ ते २००७. आणि २००१ मध्ये तिच्या स्टीअरिंगवर होती युटा क्लाइनश्मिट, मोटारींमध्ये ती रॅली जिंकणारी पहिली बाई. हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "सगळं खरं. पण कोथरूडला वाळवंट कुठंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून पुढच्या खेपेला मी आमच्या फिटरलाच सोबत नेलं. जुन्या गाडीबद्दल भरभरून बोलणारे दलाल मी पाहिले आहेत. त्यांची प्रत्येक गाडी 'फर्स्ट ओनर' आणि 'टकाटक' असते. आमचा फिटर त्यांच्या उलट. तो बोलतच नाही. त्याने थंड इंजिन एका दमात सुरू होतं का पाहिलं, मग तेलाचं झाकण काढून वर तळहात धरला. बॅक, म्हणजे आतून हवेचा झोत, येत नव्हता. मग पोतं पसरून तो गाडीखाली गेला आणि पान्याने चासी ठोकत राहिला. टण्‌. टण्‌. टण्‌. मी देवळाबाहेर उभं राहून आतली घंटा ऐकावी तशी ऐकत होते. कुठे एक 'थप्‌' आला असता तर तिथेच सगळं संपलं असतं आणि आम्ही दुपारच्या जेवणाला पुण्यात असतो.

थप्‌ आला नाही. गाडीखालून बाहेर आल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "ताई, दिल्लीकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तेव्हापासून तिकडच्या एनओसीवर ढिगानं गाड्या इकडं येतात. स्वस्त मिळतात. पण अशी नाही मिळत." जरा थांबून म्हणाला, "फक्त हिला तापू द्यायचं नाही. या इंजिनाचं हेड गेलं की मग रडायचं."

त्याचं म्हणणं मी कागदावर मांडलं. एका बाजूला टण्‌. दुसऱ्या बाजूला हे: लिटरला नऊ-दहा किलोमीटर. टाकी नव्वद लिटरच्या घरात, म्हणजे एकदा भरली की आठ हजार गेले. ऑगस्टमध्ये गाडीला वीस वर्षं पुरी होतात. वीस वर्षांपुढच्या मोटारीची पुन्हा नोंदणी करायची तर नव्या नियमाप्रमाणे नुसती फीच १०,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. सुटे भाग मिळतात, पण वाट पाहायला लावतात. जपानमधला पजेरोचा कारखानाही २०२१ मध्ये बंद झाला. दुसरी बाजू पान उलटून मागे गेली. पहिलीत अजून तो एकच शब्द होता.

पण मला त्या शेडकडे ओढून नेत होती ती गाडी नव्हे, डॉक्टरांची एक वही.

वाण्याच्या दुकानात रोजमेळाला असते तसली लांबट, लाल कापडी बांधणीची. अशा तीन वह्या. तारीख, किलोमीटर, काम, रुपये. तेल आणि फिल्टर दर पाच हजारांना. कूलंट बदललं. पुढच्या शॉकअपचं रबर. हॉर्न बसला होता, उघडून साफ केला. पण मधूनच, त्याच शाईने, वेगळ्या ओळी येतात. "जोर. बाळंतपण. रात्री २. ओढ्याला पाणी, छोटा लिव्हर टाकला." "बलकवडीच्या पुढे दरड. चालत गेलो. गाडी रात्रभर तिथेच." "विंचू. वेळेत पोचलो." आणि प्रत्येक पावसाळी फेरीनंतर न चुकता एकच वाक्य: "खालून धुतली."

धोम धरणाच्या पाण्याकडेने पश्चिमेला जोर खोऱ्यात शिरलेला माणूस ही वाक्यं नुसती वाचत नाही. महाबळेश्वरच्या कड्याखालचा तो मुलूख. पाऊस तिथे पडत नाही, मुक्कामाला येतो. अशा रात्री कंदील घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला दूरवर दोन दिवे हलताना दिसले असतील. आमच्या गावातही हीच गाडी आली की माणसं उठून उभी राहायची. पण ते उठणं वेगळं आणि हे वेगळं.

डॉक्टरांनी एकदा मला पसरणीच्या घाटात चालवायला दिली. "चालवणार कोण, तुम्ही ना? मग तुम्हीच बसा." एवढं साधं वाक्य, पण त्याआधी पाहिलेल्या सगळ्या गाड्यांचे मालक माझ्या नवऱ्याशीच बोलत आले होते. सीट इतकी उंच की घाटाच्या कठड्यावरून खाली थेट वाई दिसते, आणि पलीकडे धोमचं पाणी. पिकअप म्हणाल तर जेवणानंतरचा. मागून येणारा प्रत्येक जण आम्हाला ओलांडून जात होता आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. डॅशबोर्डवर एक छोटं गोल घड्याळ होतं. वेळेचं नव्हे, गाडी किती कलली ते दाखवणारं. वळणावळणाला ते हळूच मान तुकवत होतं. मी त्याबद्दल विचारलं.

"ते बघायची वेळ येऊ नये," डॉक्टर म्हणाले. "आणि आली, तर बघायला वेळ नसतो."

खाली आल्यावर मी धीर करून आकड्याचं विचारलं. बयाणा किती द्यायचा, तेही विचारलं. डॉक्टर उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "आधी तुमची दाखवा."

"माझी?"

"आलात ती गाडी."

फाटकाबाहेर माझी आठ वर्षांची छोटी गाडी उन्हात उभी होती. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. उघडायची कळ नेमकी कुठे आहे, हे मला शोधावं लागलं. त्यांनी डिपस्टिक ओढली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवून वर काढली आणि चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिली. तिच्या टोकाला जे होतं त्याला तेल म्हणायचं तर काजळाला पाणी म्हणावं लागेल.

"शेवटचं कधी बदललंत?"

"दिवाळीच्या आधी."

"कुठल्या दिवाळीच्या?"

नाडी बघून झाल्यावर हात हळूच परत ठेवावा, तशी त्यांनी डिपस्टिक जागेवर बसवली. रागावले नाहीत. किंमत सांगितली नाही. "मला घाई नाही," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन चहाचं सांगून आले.

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा लागेपर्यंत मला हसू येत होतं. बोगद्यात ते थांबलं. तीन महिने मी त्या गाडीला ठोकून पाहत होते: कुठे थप्‌ येतो का, कुठे पोकळ आहे का. माझ्या बाजूने कोणी पान्याने ठोकलं असतं तर? सांभाळलेली वस्तू पैसे मोजून घेता येते. पण वीस वर्षं पावसातून परतल्यावर थकलेल्या हातांनी खालून गाडी धुणारा माणूस आरसीबरोबर नावावर होत नाही. माझ्या शेडमध्ये ती गाडी पाच वर्षांत इतर जुन्या गाड्यांसारखीच एक झाली असती. माझं 'नको' खर्चाला घाबरून नव्हतं तर. ते वहीला घाबरून होतं.

घरी न जाता मी आधी अप्पा बळवंत चौकात गेले. लांबट, लाल बांधणीची वही मागितली. दुकानदाराने शंभर पानी दाखवली. मी जाड मागितली.

पहिल्या पानावर माझ्या छोट्या गाडीचा नंबर घातला, किलोमीटरचा आकडा लिहिला आणि खाली खरं ते लिहिलं: "तेल काळं." दुसऱ्या दिवशीची ओळ: "तेल, फिल्टर बदलले. चारही टायरांत हवा कमी होती." मग ब्रेकचं काम. मग वायपरचं रबर, पुढच्या काचेवर दोन पावसाळे कमान उमटवत राहिलेलं. परवा गाडी धुतली, तेव्हा वाकून खालूनही पाणी मारलं आणि जरा लाजतच तेही लिहिलं.

काल रात्री नवऱ्याने टेबलावरची वही उचलली. चार ओळी वाचल्या, मग अंगठ्याने उरलेली कोरी पानं फरफरवली.

"एवढी जाड वही," तो म्हणाला, "या एवढ्याशा गाडीला?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या तोंडून 'नको' निघालं नाही.