काठावरचं नाव

पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या पथारीवर लष्करी पदक मांडलेलं असलं, की विक्रेता राजाच्या चेहऱ्याची बाजू वर करून दाखवतो. पंचम जॉर्ज, पाठीमागे घोडेस्वार, चांदी अस्सल. मी ते हातात घेतो, आडवं धरतो आणि भिंगातून काठ वाचतो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या त्या अरुंद काठावर इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पितळी रंगाच्या व्हिक्टरी मेडलवरही काठावरच. १९१४-१५ चा ब्राँझचा स्टार मात्र उलटा करून वाचावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाची मोहिमेची पदकं ब्रिटनने आपल्या सैनिकांना बिननावाची वाटली, हिंदी फौजेच्या पदकांवर मात्र नावं घातली गेली. इंग्लंडमधल्या संग्राहकाला बर्मा स्टारवरून माणूस शोधता येत नाही, आपल्याला येतो. आपल्या हाती असलेली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तीच आपण मोडीत घालत आलो.

मी मराठा पलटणींच्या वस्तू गोळा करतो. पदकं, गणवेश, बिल्ले, पेन्शनची कागदपत्रं. ज्या वस्तूला नाव नाही आणि ती कुठून कुठे आली हे सांगता येत नाही, ती कितीही देखणी असली तरी घेत नाही.

विक्रेत्यांना सर्वांत आवडतं नाव म्हणजे कूट. काठावर ११७ मराठा दिसलं रे दिसलं, की 'साहेब, कूटच्या वेढ्यातलं आहे' हे ठरलेलं. त्याला आधार आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली, माणसं फार पडली आणि डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड उरलेली फौज घेऊन कूटला मागे आला. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला. अन्न संपत गेलं, सोडवायला निघालेल्या फौजा पोचू शकल्या नाहीत, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यांतले कितीतरी जण तुर्कांच्या कैदेतच मेले.

पण या तिन्ही पलटणी युद्ध चालू असतानाच नव्याने उभ्या केल्या गेल्या. म्हणजे काठावर ११७ लिहिलेला माणूस १९१७ मध्ये भरती झालेला, कूट कधीच न पाहिलेला असू शकतो. एकट्या चांदीच्या पदकावरून हे कळत नाही. त्याच नावाचा स्टार सोबत असेल तर निदान एवढं नक्की होतं, की ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत तो रणभूमीवर पोचला होता. तरीही तो टेसिफॉनला जखमी होऊन बोटीने बसऱ्याला गेला असेल आणि वेढ्यातून वाचला असेल. ते कागदच सांगणार. म्हणून तीन पदकांचा संच फोडून एकेक विकणाऱ्यांवर माझा राग आहे. तीन वस्तू तीन दिशांना जातात, आणि त्या एकत्र असताना मिळणारी साक्ष कायमची नाहीशी होते.

घरांमधून संच फोडला गेला तो वेगळ्या कारणाने, आणि त्यावर रागावण्याचा मला हक्क नाही. साताऱ्याकडच्या एका घरी आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून स्टार काढून दिला. मी विचारलं, "आजी, याच्याबरोबर चांदीचं एक होतं का?" त्या म्हणाल्या, "व्हतं की. सासूबाईंनी मोडलं. नातवाला वाळं केलं." दुष्काळात, लग्नात, आजारपणात चांदी सराफाकडे गेली आणि ज्याचा भाव येत नव्हता ते ब्राँझ घरात राहिलं. बाजारात याच्या नेमकं उलट, चांदीची पदकं जास्त आणि स्टार विरळा. हे दोन्ही ठिकाणी पाहिल्यावर मला कळलं, की घर आणि बाजार यांच्या मध्ये बसून नोंदी ठेवणारं कुणीतरी हवं.

त्याच ट्रंकेत पोथीच्या पानांत घडी घातलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट होतं. माझ्या दृष्टीने त्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू तीच. काठावर गाव नसतं, बापाचं नाव नसतं. कारकुनाने कानाला जसं वाटलं तसं नाव लिहिलेलं असतं, आणि नंबर पलटणीपुरता, तोच नंबर दुसऱ्या पलटणीतही सापडतो. पांडू सावंत या नावाने रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला शोधणार? डिस्चार्जवर बापाचं नाव, गाव, तालुका असतो. तो कागद पदकाशेजारी आला, की काठावरची अक्षरं एका उंबऱ्यापाशी पोचतात.

माझ्या वहीत प्रत्येक वस्तूसाठी दोन रकाने आहेत. एकात वस्तू आणि कागद काय म्हणतात ते. दुसऱ्यात घर काय म्हणतं ते. घर म्हणतं, पणजोबा ११० मध्ये आणि आजोबा दुसऱ्याच पलटणीत, थ्री-फाइव्हमध्ये. वस्तुतः पलटण तीच. १९२२ मध्ये जुने नंबर गेले, सगळ्या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या आणि ११० ची तिसरी बटालियन झाली. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी, १० जुलै १९४४ ची टायबर खोऱ्यातली ती लढाई याच बटालियनची. हे मी पहिल्या रकान्यात लिहितो. दुसऱ्यातला शब्द मात्र बदलत नाही. राणीने स्वतःच्या हाताने मेडल दिलं असं घर सांगत असेल, तर ते तसंच, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह राहतं. दोन रकाने एकमेकांत मिसळले की गोष्ट रंगते, पण वस्तूवरचा विश्वास संपतो.

गणवेशाचं काम जास्त अवघड, कारण कापडावर नाव क्वचितच टिकतं. मी आतल्या बाजूला शाईचे शिक्के शोधतो: बाणाचं चिन्ह, त्याखाली हिंदुस्थानचा 'आय', कधी वर्ष. नोटा तपासायचा जांभळा दिवा धरतो. धाग्यात चमक आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली, त्यामुळे उजळून दिसणारा दोरा संशयास्पद. अर्थात घरात कुणी तो सदरा हल्लीच्या साबणाच्या पावडरीत धुतला असेल तरी तो उजळतो, म्हणून शिवणीच्या आतला दोरा पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. घामाचे डाग, बायकोने लावलेलं ठिगळ, शेतात वापरताना तोडलेली बाही, यांतलं काहीही मी दुरुस्त करत नाही. हँगरला लोकरी कोट टांगला तर त्याच्याच वजनाने खांदे उसवतात, म्हणून आडवा ठेवतो, घड्यांमध्ये धुतलेली मलमल घालतो आणि पावसाळ्यात कसर लागली नाही ना हे पाहत राहतो. ब्रासोला तर घरात जागाच नाही. वर्षानुवर्षं घासून काठावरची अक्षरं सपाट झालेली पदकं मी पाहिली आहेत.

ज्या घरात वस्तू अजून आहे, तिथून मी ती विकत घेत नाही. काठाचा, पाठीचा, कागदाचा फोटो काढतो, एक प्रत त्यांना देतो, आणि पदकं नि कागद एकाच डब्यात ठेवा म्हणून सांगतो. पैसे मोजतो ते फक्त बाजारात, घरापासून तुटून आलेल्या वस्तूसाठी. अपशिंग्यासारख्या गावात युद्धात गेलेल्यांचं स्मारक उभं आहे. पण ज्या गावांत फक्त 'इतके गेले, इतके परतले नाहीत' असा आकड्यांचा संगमरवरी दगड आहे, तिथे त्या आकड्यांमधलं एखादं नाव अशाच पथारीवर पडलेलं असतं. बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली गेली नव्हती, नुसती संख्या होती. त्यांची नावं धातूवर राहिली असतील तर ती त्यांच्या पदकांच्या काठांवर.

सध्या माझ्याकडे ११० मराठाचं एक व्हिक्टरी मेडल आहे. काठावरचं नाव एकाच तालुक्यातल्या तीन घरांशी जुळतं. तिन्ही घरं आपलाच माणूस म्हणतात, आणि एकाकडेही डिस्चार्ज नाही. दोन घरांत पेन्शनचे कागद होते असं म्हणतात, त्यांचा शोध चालू आहे. तोवर पहिला रकाना अर्धा कोरा आणि दुसऱ्यात तीन वेगवेगळ्या हकिकती. माझ्या प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, माझ्यामागे जो कुणी तो उघडेल त्याच्यासाठी: संच फोडू नये, कागद वेगळे करू नयेत, आणि घर पुराव्यानिशी सापडलं तर एक रुपयाही न घेता वस्तू त्या घरी पोचवावी.